बिस्किटाच्या पुड्यावरचं इंग्रजी

चाफेकळी | सोमवार, संध्या. ५:४०

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये (सांगली) गेला दीड महिना मी आठ बायकांना इंग्रजी शिकवते आहे. फी नाही, परीक्षा नाही. वेळ दुपारी तीन ते चार, कारण चारला चहा आणि साडेचारला नळाला पाणी. वयं ३४ ते ६६. बहुतेक जणी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं तेव्हा यांची पहिली उलटून गेली होती.

मी बाजारातून एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. रंग, फळं, प्राणी. परवा जिराफ आणि पाणघोडा उरकला आणि ६६ वर्षांच्या काकू म्हणाल्या, "बाई, जिराफ माझ्या दारात कधी येणार? त्यापेक्षा हे सांगा." पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं माझ्या नाकासमोर धरली. मी वाचून दाखवलं. फाडफाड वाचलं. मग त्यांनी विचारलं, "रेझिंग एजंट म्हणजे? आणि हा आकडा कसला, ५०३?"

मी इंग्रजी घेऊन एम. ए. आहे हो. मला सांगता आलं नाही.

तर प्रश्न असा: रोजच्या जगण्यात जे इंग्रजी समोर येतं, त्याच्यामागची माहिती धरून काय काय शिकवावं? शब्दांच्या याद्या नकोत, त्या पुस्तकात आहेत. शब्द कळतो पण गोष्ट कळत नाही, अशा जागा सुचवा.

तिरपागडा | सोमवार, ५:५२

जिराफाचा अपमान केल्याबद्दल निषेध. बाकी धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

अन्नपूर्णेचा_नातू | सोमवार, रात्री ८:१५

मी याच धंद्यात आहे, म्हणून आधी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर.

रेझिंग एजंट म्हणजे फुगवणारा पदार्थ. ५००(२) म्हणजे आपला खायचा सोडा. ५०३(२) म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले त्याला नुसतं 'अमोनिया' म्हणतात. भट्टीत त्याचा सगळा वायू होऊन उडून जातो आणि बिस्किट खुसखुशीत होतं. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनमधलं. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतं. ३३० म्हणजे लिंबूसत्त्व, जे काकूंच्या घरात ढोकळ्यासाठी असेलच. आकडा बघून घाबरायचं नाही, ती नावं आहेत. हे आकडे जगभर जवळपास सारखेच आहेत, युरोपात त्यांच्याआधी ई लावतात एवढंच.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. इन्ग्रेडियंट्सची यादी वाटेल तशी लिहिलेली नसते. ज्याचं वजन सगळ्यांत जास्त ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने. हा नियम आहे. त्यामुळे फक्त पहिले तीन शब्द वाचता आले तरी पुडा कळतो. पुढच्या बाजूला गव्हाची सोनेरी ओंबी छापलेली असते आणि मागे पहिलाच शब्द 'रिफाइंड व्हीट फ्लार', शेजारी कंसात बारीक मैदा. दुसरी साखर, तिसरं पामतेल. 'होल व्हीट' किंवा 'आटा' लिहिलं असेल तर पुढे टक्के बघायचे.

एक तास याच्यावर सहज जातो. प्रत्येकीने घरातला एक पुडा घेऊन यायचं.

चाफेकळी | सोमवार, ८:३१

आईशप्पथ! मी गेली वीस वर्षं 'व्हीट' वाचून गव्हाची बिस्किटं म्हणून आणते आहे. धन्यवाद, बुधवारी पुडेच घेऊन बसतो.

एकपाठी | सोमवार, ९:०५

थोडं वेगळं मत. हे सगळं मजेचं आहे, पण याला भाषा शिकणं म्हणत नाहीत. पाया कच्चा ठेवून पुडे वाचत बसलात तर सहा महिन्यांनी त्यांना 'मी काल बाजारात गेले होते' हे वाक्य येणार नाही. आधी काळ, मग क्रियापदांची रूपं, मग पाठांतर. आम्ही असेच शिकलो आणि आमचं काही अडलं नाही.

टेक्सासचा_टोणगा | सोमवार, ९:४०

@एकपाठी, तुमचं अडलं नसेल, माझं अडलं. बारा काळ घडाघडा येत असताना अडलं.

पहिल्या वर्षी इथे चार मित्रांना मंचुरियन खायला बोलावलं. दुकानात जाऊन 'कॉर्नफ्लार' मागितलं, मिळालं. घरी येऊन फोडलं तर पिवळं. म्हटलं, अमेरिकन मका पिवळा असेल. रश्शात घातलं, ढवळलं, अजून घातलं. कढईत जे तयार झालं त्याला माझी आई पिठलं म्हणाली असती. मित्रांनी भाताबरोबर खाल्लं आणि कौतुकही केलं.

आपण आणि ब्रिटिश ज्याला कॉर्नफ्लार म्हणतो ते मक्याचं पांढरं सत्त्व, त्याला इथे 'कॉर्नस्टार्च' म्हणायचं. इथलं कॉर्नफ्लार म्हणजे अख्ख्या मक्याचं बारीक दळलेलं पीठ. स्पेलिंग बरोबर, उच्चार बरोबर, वस्तू चूक.

तसंच दही. इथे 'कर्ड' म्हटलं की फाटलेल्या दुधाचे गोळे समोर येतात, आपल्याला हवं ते 'योगर्ट'. कोथिंबीर 'सिलँट्रो' आणि धने 'कोरिअँडर'. भेंडीला 'लेडीज फिंगर' म्हणालो तर दुकानातल्या पोराने मला गोड बिस्किटांच्या रांगेत नेऊन उभं केलं. त्या नावाचं लांबट स्पंजसारखं बिस्किट असतं. भेंडीला 'ओक्रा' म्हणायचं. आणि 'बिस्किट' मागितलं तर मऊ खारट पावासारखं काहीतरी येतं, त्याच्यावर पांढरा रस्सा ओतून. चहात बुडवायला गेलात तर अर्धा चहा पिऊन टाकतं.

तिरपागडा | सोमवार, ९:४४

मंचुरियन पिठलं. हसून हसून पुरेवाट. पाककृती टाका.

पावसाळी_लीड्स | मंगळवार, पहाटे १:२०

इकडे इंग्लंडात भाज्यांची नावं भारतासारखीच असतील असं वाटून आले. कोथिंबीर जमली, वांगं नाही. 'ब्रिंजल' इथे फक्त लोणच्याच्या बाटलीवर दिसतं, भाजीवाल्याकडे 'ओबर्जीन'. अमेरिकेत 'एगप्लांट', कारण युरोपात पूर्वी पोचलेल्या काही जाती पांढऱ्या आणि अंड्याएवढ्या होत्या.

पण मला सांगायचं आहे ते तापाबद्दल. धाकटी आठ महिन्यांची होती, सासूबाई आल्या होत्या. मी कामावर. त्यांनी इथला थर्मामीटर लावला आणि मला फोन केला, "काही काळजी करू नकोस, एकोणचाळीसच आहे." त्यांच्या हिशोबाने ताप शंभराच्या पुढे गेला की ताप. एकोणचाळीस म्हणजे काहीच नाही, उलट अंग गार आहे म्हणून त्यांनी तिला आणखी एक दुपटं गुंडाळलं! ३९ सेल्सिअस म्हणजे १०२ च्या वर. मी टॅक्सी करून घरी.

आपण भारतात हवामान सेल्सिअसमध्ये बोलतो आणि ताप फॅरनहाइटमध्ये, आणि ते कुणी आपल्याला वेगळं शिकवत नाही. 'आज चाळीस आहे' म्हणजे ऊन, 'एकशे दोन आहे' म्हणजे ताप. चाफेकळीताई, हे नक्की घ्या: ९८.६ म्हणजे ३७, १००.४ म्हणजे ३८, १०४ म्हणजे ४०. फळ्यावर तीन ओळी. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या आज्यांना याचा खरा उपयोग.

अजून एक, दुधाच्या बाटल्यांच्या झाकणांचे किंवा लेबलांचे रंग. निळं म्हणजे पूर्ण सायीचं, हिरवं अर्ध्या सायीचं, लाल बिनसायीचं. मी पहिला महिनाभर लाल आणून दह्याला नावं ठेवत होते.

पांढरी_टोपी | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्रपाळी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला.

तुमच्या काकूंना पहिलं काय शिकवा, तर गोळ्यांचा कागद. त्याच्यावर जे असतं ते धड इंग्रजीही नाही, लॅटिन आहे, म्हणून शब्दकोशात शोधून उपयोग नाही.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा (बिडी नव्हे, हा विनोद दर आठवड्याला एक तरी पेशंट करतो). टीडीएस म्हणजे तीनदा. पगारातून कापतात तो टीडीएस वेगळा, तो महिन्यातून एकदा. एचएस म्हणजे झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. इथे एसी म्हणजे गार हवा नाही.

आणि एसओएस. याचं लॅटिन पूर्ण रूप 'सी ओपुस सिट', म्हणजे गरज पडली तर. दुखलं तर घ्या, नाही दुखलं तर नका घेऊ. पूर्वी एका वॉर्डात असताना आजोबांच्या कागदावर दुखण्याच्या गोळीपुढे एसओएस लिहिलेलं. मुलाने जहाज बुडताना देतात तो संदेश ऐकलेला. त्याने गावाकडे फोन केले आणि संध्याकाळपर्यंत सुमो भरून माणसं आली. आजोबा बसून मोसंबी खात होते.

हल्ली बरेच डॉक्टर १-०-१ लिहितात, ते उत्तम. सकाळ, दुपार, रात्र. पण सगळे लिहीत नाहीत. आणि अर्थ येत असला तरी पहिल्यांदा औषध घेताना दुकानदाराला किंवा आम्हाला विचारायचं, त्यात लाज नाही.

निवांतराव | मंगळवार, १०:३०

उत्तम धागा. बँकेत ३६ वर्षं काढली, त्यामुळे माझे दोन आणे.

बायकांना (आणि पुरुषांना, ते कबूल करत नाहीत एवढंच) सगळ्यांत जास्त गोंधळात टाकणारी जोडी म्हणजे डेबिट आणि क्रेडिट. मोबाइलवर मेसेज येतो, 'युवर अकाउंट इज क्रेडिटेड'. आमच्या शेजारच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, मी काही कर्ज काढलं नाही." कारण त्यांना क्रेडिट शब्द क्रेडिट कार्डामुळे ठाऊक, आणि क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी. त्यांचं गॅसचं अनुदान जमा झालं होतं.

दोन्हीकडे शब्द एकच आहे, बाजू बदलते. तुम्ही बँकेत पैसे ठेवता तेव्हा ते बँकेच्या लेखी तुम्हाला परत करायचं देणं असतं. बँक तुमची ऋणको. म्हणून ते तुमच्या खात्याच्या क्रेडिटला. कार्डात तुम्ही बँकेचे ऋणको. वर्गात एवढं खोलात जाऊ नका, नुसतं सांगा: मेसेजमध्ये क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले.

दुसरं. चेकवर 'रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली' लिहितात, तो ओन्ली कशाला? हा प्रश्न मला एका सातवीतल्या मुलीने विचारला होता आणि मी खूश झालो होतो. पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून ती वेस आहे. आपण मराठीत 'अक्षरी रुपये पाच हजार मात्र' लिहितो, तोच हा मात्र. मग दोन रेघा. आणि चेक लिहिल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, पूर्वी सहा होते, २०१२ पासून तीन.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. फोनवर 'पे' असा शब्द दिसला आणि खाली पिन मागितला, तर पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे इंग्रजीच्या तासात पाठ करून घ्या, एकपाठींच्या पद्धतीने, रोज पाच वेळा.

एकपाठी | मंगळवार, ११:०२

पाठांतराला कुणीतरी चांगलं म्हणालं. आभारी आहे.

शुद्धमती | मंगळवार, ११:४५

एक प्रश्न विचारू? पुडा सांगलीत विकला जातो, चेक सांगलीत वटतो, गोळ्या सांगलीत घेतल्या जातात. मग साठीच्या बाईने लॅटिन आणि इंग्रजी का शिकायचं? पुड्यावर मराठी का नको? आपण सोय करून द्यायची ती कंपन्यांची. आधीच आपली भाषा इतकी भेसळीची झाली आहे की स्वयंपाकघरातही एक मराठी शब्द धड उरलेला नाही.

मांडवीतीर | मंगळवार, दुपारी १:३०

पुड्यावर मराठी हवं, याला शंभर टक्के अनुमोदन.

भेसळीबद्दल मात्र गोव्यातून थोडं सांगतो. बटाटा पोर्तुगीज. पाव पोर्तुगीज. कोबी, काजू, अननस, चावी, सगळे तिकडून आलेले. हापूससुद्धा 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावावरून. पगारही पोर्तुगीज, 'पगार' म्हणजे त्यांच्याकडे पैसे देणे. भेसळ काढायला बसलात तर वडापावात फक्त 'वडा' उरेल, आतला बटाटा काढून.

आणि वाहतूक एकाच बाजूने झालेली नाही. इंग्रजीतला 'मँगो' आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, मल्याळममधून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून तिकडे गेला. 'जॅकफ्रूट'मधला जॅक म्हणजे मल्याळम चक्का, फणस. 'जॅगरी' तर आपल्या शर्करेचीच नात आहे. आणि वरचं ते वांगं: संस्कृत वातिंगण, फारसीत बादिंगान, अरबीत अल-बादिंजान, तिथून स्पेनमार्गे फ्रेंचांचं ओबर्जीन आणि पोर्तुगीजांचं बेरिंजेला. त्या बेरिंजेलाचं ब्रिंजल होऊन ते परत आपल्याच बाजारात आलं. म्हणजे सांगलीच्या बाईने 'ब्रिंजल' म्हटलं तर ती घरचंच वांगं फिरून आलेलं घेते आहे.

अननसाची तर गंमतच आहे. युरोपातल्या बहुतेक भाषांत तो अननसच. इंग्रजांनी मात्र पाइनॅपल केला.

शुद्धमती | मंगळवार, २:१०

वांग्याचं माहीत नव्हतं. पगाराचंही. माझा मूळ मुद्दा तसाच आहे, पण 'एक मराठी शब्द उरलेला नाही' हे वाक्य मागे घेते.

तिरपागडा | मंगळवार, २:१३

पगार काढून टाकला तर महिना कसा काढायचा, ताई?

गॅरेजवाला_कराड | मंगळवार, रात्री ९:५०

आमच्या लायनीतला शब्द सांगतो. स्टेपनी. इंग्लंडात जाऊन स्टेपनी मागा, कुणी देणार नाही. पण शब्द तिकडचाच. पूर्वी मोटारीबरोबर जादा चाक यायचंच नाही. वेल्समधल्या लानेली गावात १९०४ च्या सुमाराला स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाकाचा धंदा सुरू झाला, ते 'स्टेपनी व्हील'. तिकडे लोक नाव विसरले, आपण धरून बसलो. तिकडे 'स्पेअर व्हील' म्हणायचं. डिकीचंही तेच, जुन्या गाड्यांत मागे उघड्यावर एक जादा सीट असायची ती डिकी. आता इंग्लंडात 'बूट', अमेरिकेत 'ट्रंक'.

आणि वर्गात कुणी गाडी चालवत असेल तर आरशावरचं वाक्य शिकवा. 'ऑब्जेक्ट्स इन मिरर आर क्लोजर दॅन दे अपिअर.' आरशात दिसतंय त्यापेक्षा मागची गाडी जवळ आहे. तो आरसा फुगीर असतो, जास्त रस्ता दाखवायला. त्यामुळे सगळं लहान दिसतं, आणि लहान म्हणजे लांब असं आपण धरतो. हे वाक्य न कळल्यामुळे दरवाजे पत्र्यासकट बदललेले मी पाहिलेत. आमचा धंदा होतो, तरी सांगतो.

टेक्सासचा_टोणगा | मंगळवार, ९:५८

@गॅरेजवाला, व्वा! हे वाक्य मी रोज वाचतो, कारण कधी विचारलंच नव्हतं.

मजल्यांचं राहिलं. आपला तळमजला म्हणजे इथला 'फर्स्ट फ्लोर'. आई पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, फर्स्ट फ्लोरवर थांब, मी गाडी आणतो. ती बिचारी जिना चढून आपल्या हिशोबाच्या पहिल्या मजल्यावर पाऊण तास उभी. मी खाली. दोघेही बरोबर.

तारखेचंही तसंच. ४/७ म्हणजे आपली चार जुलै, इथे सात एप्रिल. दह्याच्या डब्यावर वाचताना लक्षात ठेवा.

श्टुटगार्टी | बुधवार, रात्री १२:४०

तारखा सोडा, वेळ बघा. इंग्लंडात 'हाफ सिक्स' म्हटलं तर साडेसहा. जर्मनीत 'हाल्ब झेक्स' म्हटलं तर साडेपाच! सहाच्या दिशेने अर्धा तास गेला, असा त्यांचा हिशोब. पहिल्या आठवड्यात मी एका मीटिंगला बरोब्बर एक तास उशिरा पोचलो आणि वेळेवर आलो म्हणून हसत आत शिरलो.

मला हे फार विचित्र वाटायचं, मग एका मित्राने दाखवलं की आपला अडीच तसाच आहे. संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे 'तिसरा अर्धा'. जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणजेही अडीचच. पावणे म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. सव्वा म्हणजे स-पाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. चाफेकळी, बायकांना सांगा, 'क्वार्टर टू सेव्हन' ही काही नवी युक्ती नाही. पावणेसात. पाव कमी सात. शब्दाला शब्द.

पावसाळी_लीड्स | बुधवार, १२:५५

जाता जाता, माझी थोरली (९) 'साडेदोन' म्हणते. 'साडेएक'ही म्हणते. मी सुधारलं तर म्हणाली, "मग साडेतीन का चालतं?" मला उत्तर देता आलं नाही.

तिरपागडा | बुधवार, १:०१

पोरगी बरोबर आहे. भाषा चूक आहे.

हिशोबी | बुधवार, सकाळी ९:२०

आकड्यांवरून: दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. आपला स्वल्पविराम १,००,००० असा आणि त्यांचा १००,००० असा. बातमीत मिलियन ऐकलं की दहा लाख म्हणून गुणायचं, झालं. इंग्लंडात पूर्वी बिलियन म्हणजे आताच्या हजारपट होतं, १९७४ मध्ये सरकारने अमेरिकन हिशोब धरला. म्हणजे त्यांचाही गोंधळ होताच.

एकपाठी | बुधवार, १०:१५

धागा स्टेपनी, वांगं, जर्मनी करत कुठे पोचला बघा. मूळ प्रश्न सांगलीतल्या आठ बायकांचा होता. टेक्सासचा फर्स्ट फ्लोर त्यांना कशाला?

पांढरी_टोपी | बुधवार, १०:४०

आठपैकी किती जणींची मुलं बाहेर आहेत ते चाफेकळीला विचारा. आमच्या वॉर्डात दर तिसऱ्या आजीच्या उशाशी व्हिडिओ कॉल चालू असतो. (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.)

चाफेकळी | शुक्रवार, संध्या. ६:०५

आले! दोन वर्ग झाले, सविस्तर लिहिते.

@पांढरी_टोपी, तिघींची मुलं बाहेर आहेत. @एकपाठी, तुमचा राग नाही, पुढे वाचा.

बुधवारी प्रत्येकीने पुडा आणला. दोघींनी बिस्किट, एकीने नूडल्स, एकीने लोणचं (विकतचं आहे हे कबूल करायला तिला पाच मिनिटं लागली), एकीने नवऱ्याचा चिवडा. नियम फळ्यावर लिहिला: पहिलं ते सगळ्यांत जास्त. आणि मग जो आरडाओरडा झाला! नूडल्सवाल्या वहिनी, "अगं बाई, मैदा!" बिस्किटवाल्या, "माझ्यातही मैदा!" लोणच्यात ३३० सापडलं, तेव्हा सगळ्याजणी एका सुरात "लिंबूसत्त्व". काकूंनी मला सांगून ठेवलं की त्या आता नातवाला विकतचं बिस्किट देणार नाहीत. शुक्रवारी तोच पुडा त्यांच्या पिशवीत होता. विचारलं तर म्हणाल्या, "माहीत असून खातेय."

मग प्रश्न आला: 'एडिबल व्हेजिटेबल ऑइल' म्हणजे कुठल्या भाजीचं तेल? भेंडीचं तर नसेल. मी पुन्हा गप्प. @अन्नपूर्णेचा_नातू, हे सांगा.

आज शुक्रवारी गोळ्यांचे कागद. काकूंच्याच कागदावर एचएस होतं आणि ती गोळी त्या सहा महिने सकाळी घेत होत्या. दिवसभर पेंग येते म्हणून मैत्रिणींना सांगायच्या, वयामुळे असेल म्हणून सोडून द्यायच्या. वर्ग संपल्यावर मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद बघितला, हसले, म्हणाले आजपासून झोपतानाच घ्या.

आणि एकपाठी, मला काळ शिकवायला लागला. कारण काकूंना लीड्सच्या नव्हे पण लंडनच्या सुनेला सांगायचं होतं, 'मी ही गोळी सकाळी घ्यायचे, आता रात्री घेते.' 'यूज्ड टू' आलं, साधा वर्तमानकाळ आला, एका वाक्यात दोन काळ. सातवी-आठवीत मला ते वाक्य कुणी इतक्या पोटतिडकीने मागितलं नव्हतं. काकूंनी ते अकरा वेळा म्हटलं आणि घरी जाऊन फोनवर बाराव्यांदा. सून म्हणे रडली. काकू म्हणतात, नेटवर्क खराब होतं.

एकपाठी | शुक्रवार, ६:३०

'यूज्ड टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप. 'यूज्ड टू टेक'. 'टुक' नव्हे. तेवढं बघा.

(छान वाटलं वाचून.)

अन्नपूर्णेचा_नातू | शुक्रवार, ७:१०

भेंडीच्या तेलाबद्दल: इथे व्हेजिटेबल म्हणजे भाजी नाही, वनस्पती. प्राण्याची चरबी नाही, एवढाच अर्थ. पाम, सोयाबीन, सरकी, काहीही असू शकतं, म्हणून पुढे 'पाम' वगैरे लिहिलंय का बघायचं. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी 'वनस्पती तूप' आहे ना? ते तंतोतंत 'व्हेजिटेबल घी'. काकूंना म्हणावं, शब्द तुम्हाला आधीच येत होता.

गॅरेजवाला_कराड | शुक्रवार, ८:००

आरशाचं घेतलं का?

चाफेकळी | शुक्रवार, ८:२०

सोमवारी. दोघी स्कूटर चालवतात, तिसरी नवऱ्याच्या गाडीत शेजारी बसून चालवते.

वेळेचंही थोडं घेतलं, ते सांगायचं राहिलं. 'क्वार्टर टू' म्हणजे पावणे, हे श्टुटगार्टींचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, चटकन बसलं. मग मी फळ्यावर घड्याळ काढून विचारलं, 'हाफ पास्ट टू' म्हणजे? सगळ्यांत हुशार वहिनी ताडकन उठून म्हणाल्या, "साडेदोन!"

पावसाळी_लीड्स | शुक्रवार, ९:१५

थोरलीला वाचून दाखवलं. ती सांगलीला यायचं म्हणते आहे.

तिरपागडा | शनिवार, पहाटे २:३०

धागा पहिल्यापासून वाचत बसलो, पुडा संपला. पहिला शब्द मैदाच होता. साडेदोन वाजले, झोपतो.